अनुवादाचा क्रम आणि वाचनाचा क्रम : जपानी कादंबरीच्या निवडीचा प्रश्न

१

मराठी वाचक जपानी कादंबरीकडे वळतो तेव्हा त्याच्या हाती बहुधा यासुनारी कावाबाता, युकिओ मिशिमा किंवा हारुकी मुराकामी यांचे पुस्तक असते, आणि ते इंग्रजीत असते. ते वाचून झाल्यावर पुढे काय वाचावे, हा प्रश्न वरवर पाहता व्यक्तिगत आवडीचा वाटतो. समीक्षेने त्यात लक्ष घालावे असे त्यात काही दिसत नाही. परंतु परभाषेतील वाङ्मय ज्याला मुळातून वाचता येत नाही, त्याच्या बाबतीत निवड ही वाचनाच्या आधीची गोष्ट उरत नाही. ती वाचनाचाच एक भाग होऊन बसते. कोणती पुस्तके कोणत्या पुस्तकांच्या शेजारी ठेवून वाचली, यावर ‘जपानी कादंबरी’ ही संकल्पना त्याच्या मनात कोणते रूप घेईल हे ठरते. पुढे तुलनात्मक अभ्यासात हीच संकल्पना प्रमाण म्हणून वापरली जाते आणि तिच्या आधारे विधाने केली जातात. म्हणून या निवडीमागील तत्त्वाचा विचार करणे अगत्याचे आहे.

हा विचार करताना एक भेद आरंभीच करावयास हवा. एखाद्या भाषेतील कादंबरीचा स्वतःचा असा एक इतिहास असतो. त्या कादंबऱ्या अनुवादित होण्याचा इतिहास मात्र वेगळा असतो. पहिला इतिहास त्या भाषेतील लेखक, वाचक आणि त्यांच्यातील वाद यांनी घडतो. दुसरा अनुवाद करवून घेणाऱ्या संस्कृतीच्या गरजांनी घडतो. जपानी कादंबरीच्या संदर्भात हे दोन इतिहास इतके विषम आहेत की दुसऱ्यालाच पहिला समजण्याची चूक सहज होते.

२

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील क्नॉफ या प्रकाशनसंस्थेने हॅरल्ड स्ट्रॉस या संपादकाच्या पुढाकाराने जपानी कादंबऱ्यांची मालिका हाती घेतली. जुनिचिरो तानिझाकी यांची ‘ताडे कुऊ मुशी’ १९५५ मध्ये, कावाबाता यांची ‘युकिगुनी’ म्हणजे ‘हिमदेश’ १९५६ मध्ये, त्याच वर्षी मिशिमा यांची ‘शिओसाई’ आणि १९५७ मध्ये तानिझाकी यांचीच ‘सासामेयुकी’ इंग्रजीत प्रसिद्ध झाली. एडवर्ड फाउलर या अभ्यासकाने १९९२ मधील एका निबंधात या मालिकेचे विश्लेषण केले. तानिझाकी, कावाबाता व मिशिमा या त्रयीभोवती जपानी कादंबरीची इंग्रजीतील प्रतिमा कशी घट्ट झाली, आणि तिच्याशी न जुळणारे लेखन पुढे कित्येक दशके कसे कडेला राहिले, हे त्याने दाखवून दिले. काल-परवाचा शत्रू आता मित्रराष्ट्र झाला होता. हळुवार, संदिग्ध, लोपत चाललेल्या सौंदर्याने व्याकूळ झालेला जपान त्या मैत्रीला सोयीचा होता. लॉरेन्स व्हेनुटी यांनी १९९८ मध्ये अनुवादाच्या राजकारणाची चर्चा करताना याच उदाहरणाचा आधार घेतला, यावरून त्याचे प्रातिनिधिक मूल्य लक्षात येते.

या प्रक्रियेची मोजदाद तारखांमधून करता येते. ‘हिमदेश’ला अंतिम रूप १९४८ मध्ये मिळाले आणि आठ वर्षांत ती इंग्रजीत आली. तोसोन शिमाझाकी यांची ‘हाकाई’ ही १९०६ मधील कादंबरी जपानी वास्तववादाच्या इतिहासातील एक प्रमुख टप्पा मानली जाते. तिचा केनेथ स्ट्राँगकृत इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध व्हायला १९७४ साल उजाडले. म्हणजे अडुसष्ट वर्षे लागली. बोलभाषा आणि लेखनभाषा यांतील अंतर मिटविण्याचा निर्णायक प्रयत्न करणारी शिमेई फुताबातेई यांची ‘उकिगुमो’ १८८७ ते १८८९ या काळात प्रसिद्ध झाली. तिचा इंग्रजी अनुवाद १९६७ मध्ये एका विद्यापीठीय प्रकाशनाने, अभ्यासग्रंथाच्या रूपात काढला. हरिभाऊ आपटे ‘करमणूक’मधून ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहीत होते, त्याच्या अगदी थोडे आधी टोकियोत एक तरुण रशियन कादंबरीच्या अभ्यासातून नवी गद्यभाषा घडवीत होता, ही गोष्ट मराठी अभ्यासकाला जवळची वाटावी अशी आहे. अनुवादाच्या क्रमाने वाचणाऱ्याच्या वाटेत मात्र ती येतच नाही.

मराठीत या प्रतिमेला आणखी एका बाजूने बळ मिळाले. शिरीष पै यांच्यामुळे हायकू मराठी कवितेत रुजली. अल्पाक्षरी, निसर्गाचा क्षण पकडणारी ही कविता मराठी रसिकतेला समृद्ध करून गेली, हे निर्विवाद आहे. परंतु जपानी वाङ्मय म्हणजे मितभाषी हळुवारपणा, ही धारणाही तिच्याबरोबर दृढ झाली आणि कादंबरीकडून वाचक नकळत हायकूचीच अपेक्षा करू लागला. आता हीच अपेक्षा नव्या वेषात परतली आहे. तोशिकाझु कावागुची यांच्या २०१५ मधील कॉफीगृहाच्या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद २०१९ मध्ये आला आणि जगभर खपला. त्या धर्तीची, मांजरे, उपाहारगृहे व पुस्तकांची दुकाने यांतून दिलासा देणारी पुस्तके आज इंग्रजीत ओळीने येत आहेत. हिमाच्या जागी कॉफी आली. सौम्य जपानची मागणी तीच राहिली.

३

इंग्रजीच्या मध्यस्थीने केवळ पुस्तकांची निवडच ठरते असे नाही. वाक्याची घडणही बदलते. ‘हिमदेश’चे पहिले वाक्य याचे सर्वपरिचित उदाहरण होय. मुळात त्या वाक्याला कर्ता नाही. लांब बोगदा पार होतो आणि पलीकडे हिमदेश असतो. कोण पार करते हे सांगितलेले नाही, त्यामुळे वाचक प्रवाशाच्या जाणिवेतच जाऊन बसतो. एडवर्ड सायडेनस्टिकर यांच्या इंग्रजी अनुवादात तेथे आगगाडी हा कर्ता येतो, कारण इंग्रजी वाक्याला कर्त्यावाचून गत्यंतर नसते. परिणामी वाचक गाडीच्या बाहेर उभा राहून ती बोगद्यातून येताना पाहतो. मराठीला ही अडचण नाही. कर्ता अध्याहृत ठेवणे, क्रियापद शेवटी आणणे, क्रियापदाच्या व सर्वनामाच्या रूपातून आदर व जवळीक सुचविणे या गोष्टी मराठीच्या स्वभावातच आहेत. तरीही इंग्रजीवरून केलेल्या मराठी अनुवादात ती आगगाडी येणारच. मराठीला जे सहज साधले असते, ते मधल्या भाषेच्या अडचणीमुळे तिला गमवावे लागते.

याहून अर्थपूर्ण उदाहरण कावाबाता यांच्या १९६८ मधील नोबेल व्याख्यानाच्या शीर्षकाचे आहे. इंग्रजीत ते ‘सुंदर जपान आणि मी’ अशा अर्थाने रूढ झाले. मूळ शीर्षकात ‘आणि’ नाही. ‘नो’ हा संबंधवाचक प्रत्यय आहे. ‘सुंदर जपानचा मी’ असे त्याचे मराठी रूप करता येते आणि त्या ‘चा’मध्ये मालकी, संबंध व एकरूपता यांची मुळातील गुंतागुंत बरीचशी टिकते. केंझाबुरो ओए यांनी १९९४ मधील आपल्या नोबेल व्याख्यानात नेमके याच प्रत्ययावर बोट ठेवले. आपल्या व्याख्यानाला त्यांनी ‘संदिग्ध जपानचा मी’ अशा अर्थाचे शीर्षक दिले आणि पूर्वसूरीच्या गूढ, स्वतःत मिटलेल्या सौंदर्यदृष्टीपासून आपले अंतर स्पष्ट केले.

इंग्रजीवरून अनुवाद करण्यातील धोका अन्यत्र उघड वादाचाही विषय झाला आहे. मुराकामी यांची एक कादंबरी २००० मध्ये जर्मनीत इंग्रजीवरून अनुवादित होऊन आली. तीवरील दूरचित्रवाणी चर्चेत समीक्षकांचा जाहीर खटका उडाला आणि त्यानंतर अनुवादाचा अनुवाद हा प्रश्न ऐरणीवर आला. २०१३ मध्ये तीच कादंबरी जपानीवरून पुन्हा जर्मनमध्ये आणली गेली. ज्या शैलीवर समीक्षक भांडत होते ती नक्की कोणाची, हा त्या प्रकरणातील मूलभूत प्रश्न होता. इंग्रजीतून जपानी कादंबरी वाचून ‘जपानी शैली’विषयी लिहिणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने तो स्वतःला विचारावयास हवा.

४

तर मग निवडीचे तत्त्व कोणते असावे? कालानुक्रमाने वाचावे, असे एक उत्तर संभवते. ते इतिहासकाराला उपयुक्त आहे. परंतु एरवी त्यातून केवळ यादी हाती लागते. पारितोषिकांच्या आधारे वाचावे, हे दुसरे उत्तर. त्यात निवडीची जबाबदारीच दुसऱ्यावर ढकललेली असते. ओए यांच्या व्याख्यानाने तिसरा मार्ग सुचविला आहे. त्यांनी कावाबाता यांना नाकारले नाही, त्यांच्या विधानाला हरकत घेतली आणि त्या हरकतीतून स्वतःचे विधान उभे केले. कोणतीही जिवंत वाङ्मयपरंपरा अशा हरकतींची मिळूनच बनलेली असते. म्हणून आधी वाचलेल्या कादंबरीच्या गृहीतांना जी कादंबरी सर्वांत नेमकी हरकत घेते, ती पुढे वाचावी, असे तत्त्व मांडता येईल. तीन जोड्यांच्या आधारे ते तपासून पाहणे शक्य आहे.

पहिली जोडी ‘हिमदेश’ आणि ‘हाकाई’ यांची. दोन्ही कादंबऱ्या होन्शू बेटाच्या एकाच हिमप्रदेशाच्या आसपास घडतात. ‘हिमदेश’मधील गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव एचिगोच्या, म्हणजे आजच्या नीगाताच्या डोंगरात आहे, ‘हाकाई’मधील इइयामा हे नगर नागानोच्या उत्तर भागात, त्याच बर्फाच्या पट्ट्यात आहे. कावाबातांचा शिमामुरा वडिलोपार्जित संपत्तीवर जगणारा टोकियोकर आहे. बर्फ त्याच्यासाठी शहरापासून दूर जाण्याचे स्थान आहे. तोसोन यांचा उशिमात्सु सेगावा त्या बर्फातच नोकरी करणारा शाळामास्तर आहे. तो बुराकु समाजात, म्हणजे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेला आहे. १८७१ च्या राजाज्ञेने हा भेद कायद्यातून गेला, परंतु व्यवहारातून गेला नाही. आपले जन्मकुळ कोणालाही सांगू नकोस, ही वडिलांची आज्ञा त्याने पाळली आहे. तिचा भंग हा कादंबरीचा विषय आणि तेच तिचे शीर्षक.

या जोडीमुळे मराठी वाचकासमोर एक अधिक कठीण प्रश्न उभा राहतो. कादंबरीच्या अखेरीस उशिमात्सु वर्गातील मुलांसमोर गुडघे टेकून आपले कुळ सांगतो आणि इतके दिवस ते लपविल्याबद्दल त्यांची क्षमा मागतो. या क्षमायाचनेवर जपानमध्ये दीर्घ वाद झाला. बाबूराव बागूल यांच्या १९६३ मधील ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेशी ती ताडून पाहिली म्हणजे फरक ठळक होतो. बागुलांचा नायकही जात लपवून परक्या गावी राहतो आणि जात उघड झाल्यावर मार खातो. मात्र अपराधाचे ओझे तो स्वतःच्या शिरावर घेत नाही. ते मनूच्या व्यवस्थेवर टाकतो. तोसोन स्वतः बुराकु नव्हते. सहानुभूती आणि स्वानुभव यांतील जे अंतर दलित साहित्याच्या चर्चेने मराठीत स्पष्ट केले, ते जपानी कादंबरीत शोधायचे तर वाचन ‘हाकाई’पाशी थांबवून चालणार नाही. सुए सुमिई यांच्या ‘हाशी नो नाई कावा’चा १९९० मध्ये इंग्रजीत आलेला पहिला खंड, आणि स्वतः बुराकु समाजात जन्मलेल्या केंजी नाकागामी यांची ‘मिसाकी’ ही लघुकादंबरी येथवर जावे लागेल. ‘मिसाकी’ला १९७६ मध्ये आकुतागावा पारितोषिक मिळाले, इंग्रजीत ती १९९९ मध्ये आली. तोसोन यांच्याकडे जे रहस्य होते, ते नाकागामींकडे रहस्य राहिलेले नाही. ती वस्ती, तिथली अंगमेहनत आणि रक्तसंबंधांचा गुंता हाच तेथे कथनाचा आधार आहे.

दुसरी जोडी नात्सुमे सोसेकी यांची ‘कोकोरो’ आणि फुमिको एन्ची यांची ‘ओन्नाझाका’ यांची. १९१४ मधील ‘कोकोरो’त वडीलधारा ‘सेन्सेई’ आपल्या मित्राच्या विश्वासघाताची कहाणी तरुण निवेदकाला दीर्घ पत्रातून सांगतो आणि पत्नीला मात्र यातले काही कळू देऊ नये, अशी इच्छा व्यक्त करतो. आधुनिक एकाकीपणाचे हे विलक्षण चित्रण आहे. पत्नीचे अज्ञान हा त्या चित्रणाचा पाया आहे, हे मात्र प्रथमवाचनात सहसा जाणवत नाही. १९५७ मधील ‘ओन्नाझाका’ ते जाणवून देते. येथे मेइजी काळातील एका उच्च अधिकाऱ्याची पत्नी तोमो, नवऱ्यासाठी रखेली निवडून आणण्याच्या कामावर राजधानीत पाठविली जाते. तिला सगळे ठाऊक असते आणि ती बोलत नाही. मृत्युशय्येवर ती नवऱ्याला एवढाच निरोप धाडते, की आपला अंत्यविधी करू नये, देह समुद्रात टाकून द्यावा. चाळीस वर्षांचे मौन त्या एका निरोपात फुटते. ‘ओन्नाझाका’ म्हणजे देवस्थानाकडे जाणाऱ्या दोन वाटांपैकी स्त्रियांसाठीचा सौम्य चढ. जॉन बेस्टर यांच्या १९७१ मधील इंग्रजी अनुवादाने प्रतीक्षेच्या वर्षांचा उल्लेख करणारे शीर्षक स्वीकारले आणि त्या ‘सौम्य’ शब्दातील उपरोध गळून पडला. ‘ओन्नाझाका’नंतर ‘कोकोरो’ पुन्हा वाचली तर सेन्सेईच्या घरातील पत्नीची प्रत्येक हालचाल वेगळी दिसू लागते.

तिसरी जोडी युद्धविषयक आहे. मासुजी इबुसे यांची ‘कुरोई आमे’ १९६५-६६ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. हिरोशिमाच्या अणुसंहारानंतर एक गृहस्थ आपल्या भाचीचे लग्न जमावे म्हणून दैनंदिनीची नक्कल करीत बसतो. संहाराला दैनंदिन व्यवहाराच्या मापाने मोजण्याची ही रीत असामान्य आहे. परंतु केवळ तीच वाचणाऱ्या वाचकाला या युद्धात जपानी माणूस फक्त बळी म्हणून दिसतो. शोहेई ओओका स्वतः फिलिपीन्समध्ये लढले होते आणि युद्धकैदी झाले होते. त्यांच्या १९५१ मधील ‘नोबी’त लेइते बेटावर आपल्या तुकडीने टाकून दिलेला क्षयग्रस्त सैनिक भटकत राहतो. तो एका स्थानिक निःशस्त्र स्त्रीला ठार मारतो आणि भुकेपोटी मनुष्यमांसाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो. बळी आणि अपराधी हे एकाच देहात असू शकतात, ही ‘नोबी’ची हरकत आहे. ती आधी लिहिली गेली असली तरी वाचनात ती ‘कुरोई आमे’च्या नंतर आल्याने अधिक प्रभावी ठरते. हरकतीचा क्रम कालक्रमाशी जुळलाच पाहिजे असे नाही, हेही येथे दिसून येते.

आजच्या पुस्तकांनाही हेच तत्त्व लागू होते. कॉफीगृहाच्या जपानला यू मिरी यांची २०१४ मधील ‘जेआर उएनो-एकी कोएनगुची’ ही कादंबरी हरकत घेते. १९६४ च्या ऑलिंपिकच्या बांधकामावर राबलेला फुकुशिमाकडील मजूर वृद्धपणी उएनो उद्यानात बेघर म्हणून जगतो. ज्या वर्षी सम्राट अकिहितो जन्मले, त्याच वर्षी तोही जन्मलेला असतो. लेखिका जपानमध्ये जन्मलेली असली तरी कोरियन वंशाची आहे. दिलाशाची कथा ज्यांना आपल्या चौकटीत घेत नाही, त्यांच्याकडे पाहण्याची तिची जागा यामुळेच वेगळी आहे.

५

या तत्त्वावर एक आक्षेप संभवतो. अशा निवडीने कादंबरी ही सामाजिक दस्तऐवज होऊन बसेल आणि कलाकृती म्हणून तिचे मूल्य बाजूला पडेल, असे म्हणता येईल. हा आक्षेप गंभीर आहे. जपानी समीक्षेलाही तो अपरिचित नाही. कथानकाच्या रचनेला वाङ्मयीन मूल्य आहे की नाही, यावर १९२७ मध्ये तानिझाकी आणि र्‍यूनोसुके आकुतागावा यांच्यात झालेला वाद प्रसिद्धच आहे. परंतु हरकत ही केवळ आशयाची नसते. तोमोचे मौन, ‘नोबी’तील भ्रमिष्ट निवेदन, नाकागामींची वंशावळीसारखी पसरत जाणारी रचना ही सर्व रूपाच्या पातळीवरील उत्तरे आहेत.

शिवाय, अशा वाचनाने त्रयीतील लेखक लहान होत नाहीत. ‘हाकाई’नंतर ‘हिमदेश’कडे परतणाऱ्या वाचकाला एक तपशील नव्याने दिसतो. शिमामुरा हा पाश्चात्त्य बॅलेचा जाणकार आहे आणि त्याने बॅलेचा एकही प्रयोग पाहिलेला नाही. छापील मजकूर व चित्रे यांच्या आधारे तो त्या कलेवर लिहितो, आणि प्रत्यक्ष न पाहिल्यामुळेच ती त्याला निर्दोष वाटते. कोमाको समोर बसून दिवसेंदिवस झिजत असते. तिच्या कष्टांना तो ‘व्यर्थ’ ठरवतो आणि त्या व्यर्थतेत सौंदर्य पाहतो. परदेशी वाचकाने ज्या कादंबरीला हळुवार जपानचे चित्र मानले, तिच्यात अशा दूरस्थ रसिकतेची कठोर चिकित्सा आधीच करून ठेवलेली होती. इंग्रजीतून जपान वाचणारा प्रत्येक वाचक काही अंशी शिमामुराच असतो. कावाबाता यांना हे कळत होते. त्यांना निवडणाऱ्यांनी ते वाचले नाही.

६

पुण्यात जपानी भाषेचे अध्यापन अनेक दशके चालू आहे आणि तेथे तयार होणारे भाषाज्ञान प्रामुख्याने उद्योगव्यवहाराच्या कामी येते. त्यातील थोडे जरी कादंबरीकडे वळले तर कर्त्यावाचून उभे राहणारे वाक्य आणि ‘नो’ला भेटणारा ‘चा’ मराठीला इंग्रजीच्या परवानगीवाचून वापरता येतील. तोपर्यंत इंग्रजी अनुवादांवाचून पर्याय नाही. पर्याय नसणे आणि क्रमही उसना घेणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनुवाद कोणते व्हावेत हे मराठी वाचकाच्या हाती नव्हते. झालेल्या अनुवादांपैकी कोणता कशानंतर वाचावा, हे पूर्णपणे त्याच्या हाती आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात तुलनेसाठी एकच जपानी कादंबरी नेमावयाची झाली, तर ती एकटी नेमू नये. तिच्यासोबत तिला हरकत घेणारी दुसरीही नेमावी. एका कादंबरीतून विद्यार्थ्याला जपानची प्रतिमा मिळते. दोन कादंबऱ्यांमधील भांडणातून त्याला जपानी कादंबरी मिळण्याची शक्यता असते.